तेवीस डाग

दोन्ही पडद्यांवर मला एकच चित्र दिसलं. डावीकडे जुनी डिस्क, उजवीकडे नवी, असं नवी डिस्क दाखवायला आलेला कोटवाला पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि दोन्हीकडे तोच म्हातारा मच्छीमार तेच जाळं विणत बसला होता. सकाळचे साडेअकरा वाजले होते. कंपनीच्या दाखवण्याच्या खोलीत झाडून सगळी माणसं जमली होती, खुर्च्या कमी पडल्या म्हणून पॅकिंगमधली पोरं भिंतीला टेकून उभी होती. तीस वर्षं आम्ही लोकांना घरी बघायचे सिनेमे पुरवत आलो, आधी टेपवर, मग डिस्कवर, आणि आता ही हाय डेफिनिशनची नवी डिस्क आली होती. दिसायला जुनीसारखीच गोल आणि चकचकीत, पण तिच्यात म्हणे पाचपट तपशील मावतो. कोटवाल्याने एक बटण दाबलं आणि खोलीभर एक हुंकार उमटला. साहेब खुर्चीत पुढे सरकले. कुणीतरी म्हणालं, "दाढीचे खुंट मोजून घ्या." मी डोळे ताणले, मिटले, पुन्हा उघडले. मच्छीमार इकडेही तसाच होता आणि तिकडेही. मग मला एकदम हसू आलं, कारण घोटाळा माझ्या लक्षात आला होता. कोटवाल्याने वायर चुकीची जोडली होती, दोन्ही पडद्यांवर जुनीच डिस्क चालली होती, आणि ही सगळी शहाणी मंडळी साहेबांच्या तोंडाकडे बघून माना डोलावत होती. खरं बघणारा इथे मी एकटा. मी सांगायला हातही वर केला. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतल्या टेलिफोनवरच्या बाई, ज्यांना चष्म्याशिवाय स्वतःचं जेवणाचं ताट दिसत नाही, त्या हळूच माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "तिकडे जाळ्याचा एकेक धागा सुटा दिसतोय हो. इकडे नुसती गिचमिड." वर गेलेला हात मी डोक्यावर नेला आणि खाजवायला लागलो.

त्या खोलीतून बाहेर येताना साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आता खरी मजा तुमची," ते म्हणाले. "आता डागाला लपायला जागाच नाही." मी हो म्हणालो. माझं काम डाग पकडण्याचं. सिनेमाची प्रत डिस्कवर जाण्याआधी ती पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत बघायची आणि जिथे म्हणून ओरखडा, धूळ, केस, बुरशीचा ठिपका असेल तिथे मशीन थांबवून कागदावर लिहायचं. खोली काळ्या पडद्यांची, खुर्ची एक, समोर पडदा, उजव्या हाताशी चित्र एकेक घर पुढेमागे सरकवायचं चाक. कागदाला चार रकाने: वेळ, जागा, काय, शेरा. शेऱ्यात दोनच गोष्टी लिहायच्या, 'साफ' किंवा 'राहू दे'. 'साफ' कुणीही लिहील. पण काही डाग सिनेमाचेच असतात. शूटिंगच्या वेळीच कॅमेऱ्यात एखादा केस अडकलेला असतो, काचेवर खरोखरीचा पावसाचा थेंब उडालेला असतो. तो पुसला तर सिनेमाचंच काहीतरी पुसलं जातं. कुठला पुसायचा आणि कुठला राहू द्यायचा हे ठरवणारा माणूस मी, आणि या निर्णयात तीस वर्षांत मला कुणी खोडून काढलं नाही. घार म्हणायचे मला. नवीन आलेल्यांना माझं खरं नाव कळायला वर्ष लागायचं. दर दोन वर्षांनी आम्हाला डोळ्यांचा दाखला द्यावा लागे. माझा शेवटचा दाखला चार वर्षांपूर्वीचा, त्यानंतर साहेबच म्हणाले की घारीला कसला दाखला मागता. तो शेवटचा कागद मी घरी बाहेरच्या खोलीत फ्रेम करून लावला आहे. लोक मुलांची बक्षिसं लावतात. मी ते लावलं.

बायकोही मला याच कंपनीत भेटली. टेपांचे दिवस होते ते, ती डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या टेबलावर बसायची, आणि तिच्या डाव्या डोळ्याखाली, गालाच्या हाडावर, एक तीळ होता. फार मोठा नाही, पण काळाभोर आणि कडा अगदी स्वच्छ. मी दिवसभर पडद्यावरचे ठिपके बघून बाहेर यायचो आणि पहिला दिसायचा तो तिचा तीळ. लग्न ठरलं तेव्हा मला प्रेमपत्र वगैरे काही जमेना. मी तपासणीचा एक कोरा कागद घेतला आणि भरून तिच्या टेबलावर ठेवला. जागा: डाव्या डोळ्याखाली. काय: तीळ. शेरा: राहू दे. ती तेव्हा इतकी लाजली की हातातली चिठ्ठी उलटी चिकटवून बसली. तो कागद तिने कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवला, मुलगी मोठी झाल्यावर तिला दाखवला, आणि मायलेकी माझी थट्टा करत राहिल्या. माझ्या आयुष्यात एवढं एकच सुंदर वाक्य मी लिहिलं, आणि त्यातही शब्द कंपनीचेच.

दाखवण्याच्या खोलीतल्या त्या सकाळनंतर आठवडाभर मी कुणाशी काही बोललो नाही. मग एका दुपारी औषधाच्या दुकानात जातो असं सांगून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, ओळखीच्या नव्हे, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या. बाई तरुण होत्या. त्यांनी एक डोळा झाकायला लावला आणि माझ्यासमोर चौकटींचा कागद धरला, मुलांच्या गणिताच्या वहीचा असतो तसा, मधोमध एक काळा ठिपका. "ठिपक्याकडे बघा. रेषा सरळ दिसतात?" कडेच्या सरळ होत्या. मधल्या वाकल्या होत्या, कुणीतरी खालून बोट लावून कापड ओढावं तशा, आणि ठिपका म्हणाल तर तो कधी होता, कधी नव्हता. मी म्हणालो, "कागद चुरगळलाय." बाईंनी कागद टेबलावर सपाट ठेवून त्यावर माझा हात फिरवला. कागद गुळगुळीत होता. दुसऱ्या डोळ्याचंही तेच, थोडं कमी. मग त्यांनी डोळ्यांत थेंब टाकले, तासभर बसवून ठेवलं, आणि समजावून सांगितलं. नजरेचा मधला भाग झिजत चालला आहे, कडेचा राहील. चालता येईल, माणसं ओळखता येतील, पण बारीक जे आहे ते जाईल. गेलेलं परत येणार नाही. मी विचारलं, "पण मला भोक दिसत नाही कुठे. सगळं भरलेलंच दिसतं." त्या म्हणाल्या, "रिकामी जागा मेंदू राहू देत नाही. त्याच्याजवळ असेल ते तिथे भरतो." मी बरोबर नेलेली माझ्या दाखल्याची प्रत त्यांनी बारकाईने वाचली. "चार वर्षांपूर्वी काहीसुद्धा नव्हतं. ही सुरुवात फार तर दीड वर्षाची," त्या म्हणाल्या. मी बाहेर आलो तेव्हा थेंबांमुळे रस्त्यावर भलता उजेड होता. समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाचं तोंड नीट होतं, नाक, डोळे, सगळं जागच्या जागी, आणि यातलं खरं किती आणि भरलेलं किती, हे मला विचारता येईल असं कुणी नव्हतं.

सांगून टाकायला हवं होतं, हे कळायला काही फार अक्कल लागत नाही. निवृत्तीला दोन वर्षं होती, साहेबांनी मला दुसरीकडे कुठेतरी बसवलं असतं. पण घारीला वेष्टनं मोजायला बसवलं आहे असं बघायला माणसं कशी दोन-दोन करून येतील हे मला आधीच दिसत होतं. त्यासाठी डोळे लागत नाहीत. मी मूग गिळून खुर्चीत बसलो. काळ्या पडद्यांच्या त्या खोलीचा केवढा आधार होता, आत दुसरं कुणी येत नाही. मी मान थोडी तिरपी करून बघायला शिकलो, कडेच्या नजरेने. आवाजावरूनही काही कळायचं, चित्राला तडा असला की बऱ्याचदा आवाजालाही टिचकी बसते. आणि नशिबाने माझ्याकडे आला तो ट्रॅमवाल्याचा सिनेमा. एक विधवा बाई रोज त्याच ट्रॅमने जाते आणि ट्रॅमवाला तिला कधी तिकीट विचारत नाही, एवढीच गोष्ट, पण जुनी आणि गाजलेली. तो मी दोनदा तपासला होता, एकदा टेपसाठी, एकदा जुन्या डिस्कसाठी. मला तो तोंडपाठ होता. बेचाळिसाव्या मिनिटाला, ती खिडकीशी बसते तेव्हा, डावीकडे वर एक केस. एक्कावन्नाव्या मिनिटाला घंटेच्या दोरीवर तीन ठिपके. शेवटच्या प्रसंगात तिच्या कपाळावरून जाणारा ओरखडा. मी चाक फिरवलं आणि ते सगळे मला दिसले. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. आठवले नाहीत, दिसले. केस हलत होता, नेहमी हलतो तसा, टोकाशी थोडा वळलेला. मला इतका आनंद झाला की मी चाक मागे फिरवून तो केस पुन्हा बघितला. डॉक्टरीणबाई पोरसवदा आहेत, मी स्वतःला म्हटलं, घाबरवतात उगाच. पाच दिवस लावून मी कागद भरला, तेवीस डाग, सगळ्यांपुढे 'साफ', खाली सही ठोकली, आणि त्या संध्याकाळी घरी जाताना बायकोसाठी उगाचच फुलं नेली. ती म्हणाली, "आज काय विशेष?" मी म्हणालो, "काही नाही." ती फुलं पाण्यात ठेवताना मी तिच्याकडे बघत होतो, असं मला वाटतं.

चार दिवसांनी सफाईवालीने मला बोलावलं. सफाईवाली हे तिने स्वतःच घेतलेलं नाव. ती मशीनवर बसून आम्ही लिहिलेले डाग एकेक करून चित्रातून काढते, आणि दहा वर्षांत मी लिहिलेला प्रत्येक डाग तिने पुसला आहे. पस्तिशीची असेल, तोंडाने फटकळ, हाताने अतिशय हळुवार. त्या दिवशी तिने दार लावून घेतलं आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"काका, बसा. हा कागद तुमचा ना?"

"माझाच."

"बेचाळिसावं मिनिट, डावीकडे वर, केस." तिने पडद्यावर ते चित्र लावलं. "आहे?"

केस होता. मी म्हणालो, "हा काय."

तिने माझा कागद टेबलावर सरळ केला. मग म्हणाली, "नवीन डिस्कसाठी मूळ फिल्मवरून काढलेली प्रत तुमच्याकडे यायच्या आधी एकदा माझ्याकडून धुऊन जाते. साहेबांनी तसं पत्रक काढलं होतं, तुमच्या टेबलावरही दिलं होतं. जुने सगळे डाग मी तीन आठवड्यांपूर्वीच काढले, तुमचाच दहा वर्षांपूर्वीचा कागद समोर ठेवून. तुम्ही फक्त नवीन काही निघतंय का ते बघायचं होतं."

"एखादा राहिला असेल."

"एखादा नाही, काका. तेवीसच्या तेवीस. त्याच क्रमाने." तिने चाक मागे फिरवलं. "आणि हे बाराव्या मिनिटापासून चौदाव्यापर्यंत हिरवी रेघ आलीय, आमच्या मशीनची चूक. पडद्याच्या अगदी मधोमध, वरपासून खालपर्यंत. माझ्या पोरीने दारातून बघितली असती. ती तुमच्या कागदावर नाही."

मी पडद्याकडे बघितलं. ट्रॅम रिकामी उभी होती, समोर ओला रस्ता, आणि कुठेही काही नव्हतं. पाचावर धारण बसते म्हणतात ती कशी, हे मला तेव्हा कळलं. पोटात नाही, डोळ्यांच्या मागे कुठेतरी काहीतरी गार पडत जातं. मी दिव्याबद्दल, पडद्याच्या काचेबद्दल बोलायला लागलो. तिने ऐकून घेतलं. "माझ्या वडिलांचं असंच झालं होतं," ती म्हणाली. "आम्ही तिशीला आलो तरी त्यांना पोरांसारखेच दिसायचो. आम्हाला बरं वाटायचं ते." मग तिने ड्रॉवरमधून दुसरा कागद काढला, तिच्या अक्षरात भरलेला, हिरवी रेघ आणि आणखी चार डाग. "तुमचा मी पुढे पाठवलेला नाही. याच्यावर सही करा. आणि यापुढे तुम्ही खुर्चीत बसा, मी बघते. दोन वर्षं काय, चुटकीसरशी जातील." तिच्या आवाजात कीव नव्हती, निदान तिने ती येऊ दिली नव्हती, आणि म्हणूनच मला नाही म्हणता आलं नाही. तिच्या जागी मी असतो तर असं केलं असतं का, हे मी स्वतःला विचारलं आणि उत्तर आल्यावर मान खाली घातली. "कुठे?" मी विचारलं. तिने माझं बोट धरून सहीच्या जागेवर ठेवलं. मी सही केली. न बघितलेल्या डागांच्या कागदावर तीस वर्षांत केलेली ती पहिली सही, आणि अक्षर नेहमीसारखंच आलं.

तब्येत बरी नाही असं सांगून मी तीनलाच निघालो. बसमध्ये गर्दी नव्हती. खिडकीला डोकं टेकून मी बसलो, आणि खरं सांगायचं तर हळूहळू मला बरं वाटायला लागलं. लाज होतीच, पण तिच्या तळाशी एक सुटका होती. म्हणजे डोळ्यांमुळे होतं तर. गेल्या वर्षी मेहुणा रस्त्यात समोरून गेला आणि मी ओळख दिली नाही, ते डोळ्यांमुळे. स्वयंपाकघराची भिंत निळी केली आणि मला पंधरा दिवसांनी कळलं, ते डोळ्यांमुळे. मुलगी सासरी जाण्याआधी एकदा जेवताना म्हणाली होती, "बाबांना पडद्यावरचा केस दिसतो, समोर बसलेलं माणूस दिसत नाही," आणि ताट तसंच टाकून उठली होती. तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली, पण मी तारखा थोड्या मागेपुढे केल्या आणि तेही डोळ्यांमुळे झालं. आजार मागे सरकत सरकत किती दूर जाऊ शकतो याची मला कल्पना नव्हती. घर येईपर्यंत माझ्या नावावर फारसं काही उरलं नव्हतं. मी एक आजारी माणूस होतो, त्याला कुणी काय म्हणणार. घरी जाऊन बायकोला सगळं सांगायचं ठरवून मी उतरलो, आणि जिना चढताना पावलं हलकी पडत होती.

ती स्वयंपाकघरात खिडकीपाशी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी बूटही न काढता सांगायला लागलो. मच्छीमार, डॉक्टरीणबाई, चौकटींचा कागद, तेवीस डाग, बोट धरून केलेली सही. घड्या घालणारे तिचे हात आधी चालू होते, मग थांबले. "तरीच चहात दोनदा साखर पडते," ती म्हणाली, आणि पदराने नव्हे, हातातल्या माझ्या शर्टानेच तिने डोळे टिपले. कितीतरी वर्षांनी आम्ही दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत होतो. मला तिची माया वाटली, भीतीही वाटली, उद्यापरवा हा चेहराही जाईल म्हणून. मी म्हणालो, "जरा खिडकीत उभी राहा. उजेडात. हलू नकोस." ती उभी राहिली. मी आधी सरळ बघितलं, मग मान तिरपी करून. दुपारचा उजेड तिच्या डाव्या गालावर पडला होता, आणि तो होता. डोळ्याखाली, हाडावर, काळाभोर, कडा स्वच्छ. अठ्ठावीस वर्षांपूर्वी होता तसाच.

"तीळ दिसतो मला," मी म्हणालो. "अगदी नीट दिसतो. हा नाही गेला."

तिने माझा हात घेतला, एक बोट सुटं केलं आणि आपल्या गालावर ठेवलं. दिवसभरात दुसऱ्यांदा कुणीतरी माझं बोट धरून जागेवर ठेवत होतं. तिथे तीळ नव्हता. कातडी ताणलेली होती आणि तिच्यावर तांदळाच्या दाण्याएवढी एक बारीक, वर उठलेली रेघ होती.

"काढून चार वर्षं झाली," ती म्हणाली.

मला वाटतं मी 'का' असं विचारलं.

"वाढत होता. डॉक्टरांना शंका आली, तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. चांगला आला. शेजारच्या वहिनी आल्या होत्या बरोबर."

"मला सांगायचंस."

"सांगितलं. जाताना सांगितलं, आणि आल्यावर सांगितलं. तुम्ही हं म्हणालात." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. वाण्याला यादी सांगावी तसं ती सांगत होती. "इथे पट्टी होती, ही एवढी, पांढरी. टाके होते म्हणून आठ दिवस काढायची नव्हती. तुम्ही दाखला घेऊन आलात तो त्याच आठवड्यात. माझ्या तोंडासमोर धरलात आणि मोठ्याने वाच म्हणालात. मी वाचला."

मी बोट काढलं नाही. काढलं असतं तर पुन्हा बघावं लागलं असतं, आणि बघितलं की तीळ तिथे असणार होता. ती तशीच उजेडात उभी होती, हलू नकोस म्हटल्यामुळे. बाहेरच्या खोलीत भिंतीवर तो कागद होता. इथून दिसत नव्हता, पण त्याच्यावर काय लिहिलंय ते मला पाठ आहे. दोन्ही डोळे. दूरची नजर उत्तम. जवळची नजर उत्तम.